घरच्या मशीनवर लेदरची पर्स: कोणी शिवली आहे का?

सुईदोरा_फोंडा

नमस्कार मंडळी. मी फोंड्याला राहते. ब्लाउज, परकर-पोलकी, पडदे, मुलांचे गॅदरिंगचे कपडे असं गेली वीस वर्षं घरीच शिवते. डिसेंबरात लेकीचं लग्न आहे आणि तिला माझ्या हातची लेदरची पर्स द्यायची, असं मनात घेतलंय. तिला एर्मेस या महागड्या फ्रेंच कंपनीची 'केली' पर्स फार आवडते. वर रुंदीला कमी, खाली जास्त, पुढे झाकण, त्यावरून आडवा पट्टा आणि वर एकच मूठ. विकत घेणं आमच्या आवाक्यातलं नाही. नकली शिक्क्याची मला द्यायची नाही. नाव नको, शिक्का नको, फक्त तो घाट हवा.

ऑनलाइन चामडं मागवलं आणि काल बसले. पहिल्या चार इंचांत टाके सुटले, मग सुई मोडली. उसवलं तर भोकं तशीच! कापड उसवलं की पाणी मारून इस्त्री फिरवली की भोकं बुजतात, इथे काही केल्या जात नाहीत. पुढचा तुकडाच वाया गेला.

चामडं किती जाड घ्यायचं? घरच्या मशीनवर हे होतं का? गोव्यात बरं चामडं कुठे मिळतं? आणि आपल्या पावसाळ्यात त्याला बुरशी येते त्याचं काय करायचं? कोणी केलं असेल तर सविस्तर सांगा.

अबोली

मलाही हवंय. धागा वाचत राहते.

म्हापशाचा_मेकॅनिक

ताई, सुई कुठली होती? ब्लाउजची 14 नंबर असणार. चामड्याची सुई वेगळी येते, तिचं टोक पात्यासारखं असतं आणि ते कापत जातं. साधी सुई धागे बाजूला सारून वाट काढते. चामड्यात सारायला धागेच नाहीत, म्हणून टाका सुटतो. 16 नंबर घ्या, जाड असेल तर 18.

टाका 3.5 ते 4 मिलिमीटर ठेवा. बारीक घातलात तर पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग होते आणि बरोबर तिथूनच फाटतं. शेवटाला रिव्हर्स मारू नका, दोन्ही दोरे आतल्या बाजूला ओढून गाठ मारा. टाचण्या अजिबात नकोत, कागदाच्या क्लिपा लावा. मशीनचा पाय चामड्याला चिकटत असेल तर टेफ्लॉनचा पाय मिळतो. तो नसेल तर असलेल्या पायाच्या तळाला मॅट सेलोटेप लावून बघा, काम चालतं.

दोरा पॉलिस्टर किंवा नायलॉन. सुती नको. झाडाच्या सालीत कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं, ते सुती दोऱ्याला कालांतराने कुजवतं.

आणि घरात आईचं-सासूचं पायाचं मशीन पडून असेल तर तेल घालून तेच काढा. चाक हाताने फिरवून एकेक टाका घालता येतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या नव्या विजेच्या मशीनपैकी कितीतरी अशा हौसेपायीच आलेली असतात.

सुईदोरा_फोंडा

मेकॅनिकदादा, खरंच 14 नंबर होती! सासूबाईंचं पायाचं मशीन माळ्यावर आहे, उद्याच उतरवते. आताच एकाकडून व्हर्नियर आणून चामडं मोजलं. 1.8 मिलिमीटर भरलं.

म्हापशाचा_मेकॅनिक

मग दोन थरांचे 3.6 झाले. ताई, माझ्या अनुभवात सगळे थर मिळून अडीचच्या वर गेलं की घरचं मशीन रडायला लागतं. चामडं बदला नाहीतर हाताने शिवा.

रापी

हाताने शिवा म्हटलंय म्हणून लिहितो. माझे वडील साखळी गावच्या बाजारात चपला शिवायला बसत. त्यांची रापी (चामडं कापायचं पातं) आणि आरी (भोकं पाडायचा टोच्या) माझ्याकडे आहे. आरीच्या मुठीला अंगठ्याच्या जागी खळगा पडलाय, माझा अंगठा त्यात ठेवला की जरा मोठा होतो. मी बँकेत नोकरी करतो, पण रविवारी बेल्ट, पाकिटं, बॅगा शिवतो.

मशीनच्या शिवणीत वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा मधे एकमेकांत अडकतात. एक तुटला की दुसरा सुटत जातो. वडिलांच्या आकड्याच्या आरीचा टाकाही साधारण त्याच जातीचा. बॅगेला मी घालतो तो दोन सुयांचा टाका. दोरा एकच, दोन्ही टोकांना बोथट सुया. आधी कडेपासून 3-4 मिलिमीटरवर रेघ मारायची, मग दातेवाल्या छिन्नीने 4 मिलिमीटरच्या अंतराने भोकं पाडायची. एक सुई डावीकडून, दुसरी उजवीकडून, दोन्ही त्याच भोकातून. दोन्ही हातांनी सारखं ओढायचं. दर वेळी तीच सुई आधी गेली पाहिजे, नाहीतर टाक्यांची तिरकी ओळ मोडते आणि ती नंतर डोळ्यांत खुपत राहते. एका जागी दोरा झिजला तरी दुसऱ्या बाजूचा धरून ठेवतो. घोड्याचं खोगीर असंच शिवतात. एर्मेसवाले मुळात 1837 पासूनचे पॅरिसचे घोड्याच्या साजाचे कारागीर, त्यांच्या बॅगांना हाच टाका आहे.

दोरा शिवणीच्या चौपट लांब घ्या आणि मधमाशीच्या मेणाच्या वडीवरून दोन-तीनदा ओढा. मेण लागलं की दोरा भोकात जागच्या जागी बसतो.

ताई, एक बघून सांगा. तुमच्या चामड्याची कापलेली कड कशी दिसते? मधे निळसर करडी असेल तर ते क्रोममध्ये कमावलेलं. ती कड घासून गुळगुळीत होत नाही, दुमडावी लागते किंवा रंगाचे हात द्यावे लागतात. कड आरपार एकाच तपकिरी रंगाची असेल तर बहुतेक सालीचं. ती ओली करून लाकडाने घासली की चकाकते.

सुईदोरा_फोंडा

मधे निळसर करडीच आहे. दादा, तुमच्या वडिलांच्या आरीबद्दल वाचून बराच वेळ तशीच बसून राहिले.

मडगावची_मैना

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. मुळात परदेशी कंपनीच्या बॅगेची नक्कल कशाला? जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि मुळाचा उल्लेखसुद्धा केला नाही, तेव्हा आपण सगळे किती चिडलो होतो. ओरड झाल्यावर त्यांनी भारतीय पादत्राणांवरून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. आता आपणही तेच करायचं का?

निपाणीचा_पाहुणा

मैनाताई, आमच्या भागातलीच गोष्ट काढलीत. कोल्हापुरीला 2019 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते आठ जिल्ह्यांसाठी. महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. बाभळीची साल आणि हिरडा घालून चामडं कमावणारी माणसं अजून आहेत. राग आला तो त्यांचं नाव गाळून मोठ्या किमतीची वस्तू मांडली म्हणून. एक आई लेकीसाठी एक पर्स शिवते आणि कुणाचा घाट आहे ते पहिल्याच ओळीत सांगते. हे तसं नाही, असं मला वाटतं.

मडगावची_मैना

पटलं थोडं. सगळं नाही. उद्या शेजारणी म्हणणार, मलाही एक शिवून दे, पैसे घे.

कायद्याचं_बोला

तिथेच रेघ आहे. विकायला लागलात की ट्रेडमार्क कायदा 1999 आणि डिझाइन कायदा 2000 दोन्ही बघावे लागतात. नोंदलेल्या डिझाइनला 10 वर्षं आणि पुढे 5 वर्षं असं संरक्षण असतं, पण ट्रेडमार्कचं नूतनीकरण होत राहतं आणि वस्तूचा आकारही ट्रेडमार्क असू शकतो. म्हणजे शिक्का काढला की सुटलो, असं समजू नका. लेकीला देताय ना? खुशाल शिवा.

तुळशीवृंदावन

आमच्याकडे चामडं चालत नाही. रेक्झिनची का नाही शिवत? मऊ असतं, मशीनवर पटकन होतं, स्वस्तही.

म्हापशाचा_मेकॅनिक

काकू, पीव्हीसीचं जाड रेक्झिन टिकतं. पण मऊ, चामड्यासारखं दिसतं ते बहुधा पीयू (पॉलियुरेथेन). त्याचा थर उष्ण दमट हवेत पाण्याच्या अंशाने आतून तुटत जातो. दोनतीन पावसाळ्यांनी कपाटातून काढाल तर पापुद्रे हातात येतात, न वापरताही. चामडं नकोच असेल तर जाड कॅनव्हास घ्या.

तुळशीवृंदावन

अगो बाई, माझ्या पर्सचं हेच झालं! मला वाटायचं मीच नीट ठेवली नाही. कॅनव्हास बघते.

मांडवीकाठ

पावसाळ्याचं मी सांगते. पणजीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जुलैत भिंतीसुद्धा घाम गाळतात. लेदर प्लास्टिकच्या पिशवीत कधीच ठेवू नका, जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात ठेवा. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दर आठवड्याला बदला. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. बुरशी दिसलीच तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसा, सावलीत वारा द्या. ऊन नको, कडक होतं. मी वर थोडं खोबरेल चोळते, छान चमक येते.

रापी

खोबरेलाला माझा ठाम विरोध. फिकं चामडं डागाळतं, जास्त झालं तर लिबलिबीत होतं आणि दोन पावसाळे झाले की बुरशीला खायला आयतं मिळतं. मेणाचं क्रीम पातळसं लावा, वर्षातून दोनदा पुरे.

मांडवीकाठ

माझ्या सासऱ्यांचा पट्टा खोबरेलावर तीस वर्षं टिकलाय हो.

रापी

पट्टा रोज कमरेला असतो, त्याला हवा लागते. पर्स सहा महिने कपाटात असते.

कड्या आणि बक्कलांचंही बघा. आपल्या खाऱ्या हवेत मुलामा दिलेलं लोखंड वर्षात गंजतं आणि चामड्यावर काळा डाग उतरतो. दुकानात जाताना खिशात चुंबक ठेवा. चिकटलं तर परत ठेवा. भरीव पितळ घ्या.

चोर्लाघाट

चामडं कुठे मिळतं त्याचं उत्तर राहिलंच. गोव्यात नखाएवढा नमुना बघायला मिळाला तर मिळाला. मी कामासाठी मुंबईला गेलो की धारावीतून आणतो. चामडं चौरस फुटावर विकतात. हाताने वाकवून, ओढून घ्यायचं. फोटो बघून मागवलं की पोटाकडचा भाग गळ्यात मारतात. मलाही एकाने तसंच पाठवलं होतं, पट्टा शिवल्यावर महिन्यात दोन बोटं लांबला. पाठीच्या कण्याजवळचं घट्ट असतं, पट्टा आणि मूठ नेहमी तिथून काढा.

बॅगवेडी

मी मूळची डिचोलीची, बॅगांच्या इतिहासाची मला मनापासून आवड आहे. केलीचा मूळ घाट 1930 च्या दशकातला. 1956 मध्ये ग्रेस केली या नटीचा ती बॅग हातात धरलेला फोटो गाजला आणि 1977 मध्ये कंपनीने तेच नाव दिलं. पण शिवणाऱ्याला महत्त्वाचं हे की केली दोन तऱ्हेची असते. 'सेलिए' म्हणजे शिवण बाहेर दिसणारी, कडा ताठ. 'रतूर्ने' म्हणजे उलटी शिवून मग सुलटवलेली, मऊ, गोल कोपऱ्यांची. सुईदोराताई, तुम्ही कदाचित सेलिए बघून मऊ क्रोमच्या चामड्यावर करायला गेलात.

आणि एक सुचवू? तुमची अडचण वाचून मला दुसरीच बॅग आठवली. बोत्तेगा व्हेनेता ही 1966 ची इटलीतली कंपनी, तिची विणलेल्या पट्ट्यांची 'इंत्रेच्चातो' तऱ्हा प्रसिद्ध आहे. त्याची सांगतात ती गोष्ट अशी की त्यांच्याकडची मशीनं कपड्यांची, जाड चामडं शिवत नव्हती. म्हणून पातळ चामडं घेतलं आणि बळकटी यावी म्हणून त्याच्या पट्ट्या विणल्या. बाहेर शिक्का नाही, वीण हीच ओळख. तुमच्या मशीनचंही हेच दुखणं आहे.

अबोली

अरे! म्हणजे ताईंचं आणि त्यांचं मशीन एकाच माळेचे मणी!

आजीचं_मल्ल

बॅगवेडी, काय आठवण काढलीत. आमच्या पेडण्याच्या घरी पावसाच्या आधी आजी अंगणात बसून चुडतांची, म्हणजे नारळाच्या झावळ्यांची, मल्लं (झापं) विणायची, पडवीला लावायला. भिजवलेलं चुडत पायाखाली दाबून धरायचं आणि एक पातं वर, एक खाली. मी सात वर्षांची असताना शिकले. एक ओळ चुकली तर आजी काही बोलायची नाही, फक्त बोट ठेवायची. सुईदोराताई, फोंड्यातही कुणीतरी आज्जी सापडेल. तिच्याकडे जाऊन एकदा हाताने करून बघा, मग चामड्याला हात लावा.

गणिताच्या_बाई

हिशेब करून देते. बाजू 30 बाय 24 सेंटिमीटर, पट्टी 1 सेंटिमीटर रुंद, दोन्ही टोकांना 3 सेंटिमीटर जास्त. उभ्या 30 पट्ट्या, प्रत्येकी 30 लांब, म्हणजे 900 चौरस सेंटिमीटर. आडव्या 24, प्रत्येकी 36 लांब, म्हणजे 864. एकूण 1764. एक चौरस फूट म्हणजे 929, तेव्हा एका बाजूला 1.9 चौरस फूट, दोन्हींना 3.8. मूठ, पट्टा, झाकण आणि वाया जाणारं धरून सहा-सात फूट आणा.

चोर्लाघाट

म्हणजे शेळीची दोन कातडी. शेळीचं पातळ असूनही चिवट असतं. 0.8 मिलिमीटरचं मागा. पुढच्या आठवड्यात मुंबईला जातोय, ताई, रंग सांगा.

रापी

थांबा, एक पेच आहे. विणलेल्या बाजूत सगळीकडे दोन थर. दोन बाजू जोडल्या की चार. चार गुणिले 0.8 म्हणजे 3.2. परत मशीन अडणार.

असं करा. आधी प्रत्येक बाजू वेगळी ठेवून कडेने मशीनची एक शिवण फिरवा, 1.6 वर तुमचं पायाचं मशीन सहज चालेल. त्याने वीण सुटणार नाही. मग दोन बाजू हाताने, दोन सुयांच्या टाक्याने जोडा. कडेवर पातळ चामड्याची पट्टी दुमडून चढवा, म्हणजे निळसर कडा झाकतील.

सुईदोरा_फोंडा

तुम्हा सगळ्यांचे पाय धरावेत असं वाटतंय. चोर्लाघाटदादा, काजूच्या बोंडूचा असतो तसा लालसर-पिवळा मिळाला तर बघा, नाहीतर साधा तपकिरी. आज कालनिर्णयाच्या जुन्या पानांच्या पट्ट्या कापून एक बाजू विणून बघितली. लेक विचारते, आई, हे काय? म्हटलं, चवथीच्या मखराचं करतेय.

अबोली

लग्न होईपर्यंत तिला हा धागा सापडू नये म्हणजे झालं!

सुईदोरा_फोंडा

मंडळी, चवथ झाली, गणपतीवरची फळापानांची माटोळी उतरवली, आता सांगायला आले.

तपकिरी मिळालं. पट्ट्या गोल पात्याच्या कटरने लोखंडी पट्टी धरून कापल्या, एकूण 108. पोटाकडच्या सात पट्ट्या कापतानाच केळीच्या पानासारख्या वाकल्या, त्या फेकल्या. पहिली बाजू विणली तर 30 पट्ट्यांची रुंदी साडेएकतीस भरली! बराच वेळ कळेना. मग लक्षात आलं, पट्टी वर-खाली जाताना मधल्या पट्टीच्या जाडीलाही जागा लागते. गणिताच्या बाई, तेवढं तुमच्या हिशेबात वाढवा. मी दीड सेंटिमीटर कापलं नाही, दुसरी बाजूही तेवढीच केली.

पायाच्या मशीनवर 16 नंबरच्या सुईने कडेची शिवण एकही टाका न सुटता झाली. चाक हातानेच फिरवलं. एका बाजूला सव्वा तास लागला.

हाताची शिवण मात्र पाच संध्याकाळी चालली. जवळजवळ दोनशे भोकं. यजमानांनी फणसाच्या लाकडाचा मोठा चिमटा करून दिला, तो गुडघ्यांत धरून शिवत होते. पहिली वीतभर ओळ वाकडी आली. रापीदादा, तुम्ही सांगितलं होतं तेच, दुसरी सुई आधी घातली होती. पूर्ण उसवली आणि त्याच भोकांतून परत घातली, आता भोकं बुजत नाहीत हे उपयोगी पडलं. दोरा ओढताना करंगळीला कापतो, तिथे चिकटपट्टी लावून बसा.

केलीचा घाट गेला, ही चौकोनी झाली. पण एकच मूठ आणि पुढचा आडवा पट्टा ठेवलाय. मैनाताई, फोटो टाकते, तुम्ही बघून खरं मत द्या.

आता अस्तराचं अडलंय. सॅटिन लावू की सुती?

मडगावची_मैना

फोटो बघितला. ही कुणाची नक्कल वाटत नाही. मन भरून आलं.

आजीचं_मल्ल

सुती. सॅटिन चाव्यांनी ओरखडतं. घरात कुणाची जुनी कुणबी साडी आहे का? लाल चौकड्यांची. आतही वीण, बाहेरही वीण.

सुईदोरा_फोंडा

सासूबाईंच्या ट्रंकेत त्यांच्या एका मैत्रिणीने दिलेली होती. एका बाजूला विरलीय, पण पदराकडचं मीटरभर अजून घट्ट आहे. आता धुऊन वाळत घातलीय. पाऊस थांबला तर उद्या कापते.

रापी

अस्तर पर्सपेक्षा अर्धा सेंटिमीटर लहान बेता, नाहीतर आत चुण्या पडतात. आणि वरची कड शिवायच्या आधी आतला खिसा लावून घ्या, मागाहून हात जात नाही.